मुरमाखालचा हिशेब

तारापूरच्या किनाऱ्यावर 1969 साली अणुवीज केंद्र सुरू झालं आणि पुढच्या दशकात जवळच बोईसरची एमआयडीसी उभी राहिली. दोन्हींच्या पायाखाली तोच काळा पाषाण, वर मुरूम आणि माती. पण मातीला प्रश्न विचारण्याची वेळ दोघांची वेगळी, आणि माझ्या मते या परिसराचं पुढचं बरंचसं त्या फरकातून घडलं. कमी किरणोत्सारी घन कचरा काँक्रीटच्या खंदकांत पुरतात, तेव्हा सुमारे 300 वर्षांची राखण धरलेली असते. त्यातला सीझियम-137 तीस वर्षांत निम्मा होतो. तीनशे वर्षांनी हजारावा हिस्सा उरतो. तोवर माती त्याला धरेल का, हे पुरण्याआधीच ठरवावं लागतं.

वाळूतून पाणी किती वेगानं झिरपतं, याचा नियम फ्रेंच अभियंता दार्सीने 1856 साली दिजाँमध्ये मांडला. विरघळलेला पदार्थ मात्र पाण्याच्याच चालीनं जाईल असं नाही. ते तपासायला चमचाभर माती त्या पदार्थाच्या द्रावणात टाकून बाटली तासन्‌तास हलवायची, गाळायची, द्रावणात काय उरलं ते मोजायचं; घटलं तेवढं मातीनं धरलं. सीझियमला चिकणमाती घट्ट धरते, क्लोराइड मात्र पाण्याबरोबर सरळ निघून जातं. माती सगळं गाळून घेते, हा समज त्या बाटलीतच निकालात निघतो.

कारखान्यांचं सांडपाणी नळानं समुद्रात जातं, मग मातीचा हिशेब कशाला, असं कोणी म्हणेल. ते सगळं नळातच राहतं, तर खाड्यांच्या प्रदूषणासाठी मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला 2016 साली हरित लवादाकडे जावं लागलं नसतं, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात पहिलं आलं नसतं. (असला पहिला नंबर!) दुसरा आक्षेप वजनदार आहे: अणुकेंद्राचे पदार्थ मोजके, इथं औषधं, रंग, कीटकनाशकं, शिवाय पाषाणाला भेगा, तिथं वाळूचं गणित फसतं. खरंच फसतं. पण भेगा अणुकेंद्राखालीही आहेत, म्हणून तर पुरलेल्या कचऱ्याभोवती बोअर घेऊन पाणी तपासत राहतात. कारखान्यांपाशीही शंभर रसायनांमागे न धावता सर्वांत पुढे पळणारं क्लोराइड विहिरीत वाढतंय का, एवढं पाहता येतं. अडचण इतकीच की खाजणालगतचं पाणी मुळातच खारं, म्हणून आधीची नोंद हवी. अणुभट्टी सुरू होण्याआधीच तारापूरला आसपासचं पाणी, माती, मासळी तपासण्याची व्यवस्था झाली होती. उद्योगांना पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाची सक्ती देशात 1994 साली आली. तोवर बोईसरची धुरांडी पेटून दोन दशकं झाली होती.