रोजनिशीतील स्वप्न आणि कादंबरीतील राक्षस

लेखकाच्या खाजगी भयातून साहित्यकृती जन्म घेते, हे विधान आता इतके रुळले आहे की त्यात दडलेला प्रश्नच दिसेनासा झाला आहे. भय सर्वांनाच वाटते; त्याची कलाकृती मात्र क्वचितच होते. या दोहोंच्या मध्ये नेमके काय घडते? मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाईन’ या कादंबरीच्या संदर्भात हा प्रश्न कागदपत्रांच्या आधारे तपासता येतो. कारण येथे भयाची नोंद आणि कादंबरीचे लेखन या दोहोंचा काळ आपणांस ज्ञात आहे.

मेरीचा जन्म 30 ऑगस्ट 1797 रोजी झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनी तिची आई, ‘स्त्रियांच्या हक्कां’ची कैवारी मेरी वुलस्टनक्राफ्ट, प्रसूतिज्वराने वारली. फेब्रुवारी 1815 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मेरीला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली. ती 6 मार्चला दगावली. 19 मार्चच्या रोजनिशीत एका स्वप्नाची नोंद आहे : बाळ मेले नव्हते, केवळ गारठले होते, शेकोटीपाशी चोळताच ते जिवंत झाले. जाग आली, तेव्हा बाळ नव्हते.

कादंबरीच्या 1831 च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत मात्र तिने वेगळी उत्पत्तिकथा सांगितली. 1816 चा पावसाळी उन्हाळा, जिनिव्हाचे सरोवर, प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी ही बायरनची सूचना, जीवतत्त्वाविषयी रंगलेल्या चर्चा आणि अर्धवट झोपेत दिसलेले ते दृश्य. मृत बाळाचा त्यात उल्लेख नाही. एलेन मोअर्स यांनी 1970 च्या दशकात या कादंबरीचे ‘प्रसूतीचे मिथक’ म्हणून वाचन केल्यानंतर रोजनिशीतील नोंद आणि कादंबरी यांचा संबंध जोडण्याचा प्रघात पडला. तो संबंध मान्य केला, तरी केवळ साम्यावर थांबणे पुरेसे नाही. महत्त्वाचा आहे तो या दोहोंमधील भेद.

स्वप्नात निर्जीव देहात प्राण परतणे हा आनंद आहे. कादंबरीत तोच क्षण भीषण ठरतो. निर्मित जीव डोळे उघडतो आणि निर्माता पळ काढतो. म्हणजे लेखिकेने आपले दुःख जसेच्या तसे उतरवले नाही; त्यामागील इच्छेचीच तिने उलटतपासणी केली. शिवाय हे भय तिने एका पात्राच्या स्वाधीन केले नाही. अपत्य निर्माण करून ते गमावणारी मेरी व्हिक्टरच्या बाजूला आहे, तर मातेवाचून वाढलेली मेरी त्या अनाम जीवाच्या बाजूला. कादंबरीतील तीन निवेदनांपैकी सर्वांत आतले निवेदन त्या जीवाचे आहे, ही रचना म्हणूनच निव्वळ तांत्रिक क्लृप्ती ठरत नाही. आणखी एक तपशील दुर्लक्षिण्याजोगा नाही. राक्षसाच्या हातून मरणाऱ्या बालकाचे नाव विल्यम आहे. जानेवारी 1816 मध्ये जन्मलेल्या लेखिकेच्या मुलाचे नावही विल्यमच होते. कादंबरी लिहिली जात असताना तो घरात खेळत होता. लेखनात उतरले ते केवळ गतकाळचे दुःख नव्हते, पुढे काय वाढून ठेवले आहे याची धास्तीही होती.

आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर लौकिक भय साधारणीकरण झाल्यावाचून भयानक रसाच्या पदवीला पोहोचत नाही. येथे एक पाऊल पुढे पडले आहे. तो जीव आपली कहाणी सांगू लागताच वाचकाचे भय करुणेकडे वळते. ज्याची भीती वाटत होती, त्याच्याविषयी आता कळवळा वाटू लागतो. स्वतःच्या भयाला बोलू देणे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे, हीच येथे निर्मितीची प्रक्रिया होय.

कादंबरी जानेवारी 1818 मध्ये निनावी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी धाकटी क्लारा आणि 1819 मध्ये विल्यम वारला. यात भविष्यवाणी शोधणे व्यर्थ आहे. लेखनाने मेरीला संकटापासून वाचवले नाही. भयाचे ‘विरेचन’ होऊन लेखक मुक्त होतो, ही समजूत या इतिहासापुढे टिकत नाही. मात्र 1831 च्या त्या प्रस्तावनेत, चारांपैकी तीन मुले गमावलेली ही लेखिका आपल्या पुस्तकाला कुरूप अपत्य म्हणते, आणि तरीही त्याच्यावर आपली माया असल्याचे सांगून त्याला पुन्हा जगात पाठवते. पहिल्या बाळाविषयी तेथे मौन आहे; पण व्हिक्टरने आपल्या निर्मितीला जे नाकारले, ते मेरीने आपल्या निर्मितीला दिले.