लाकूड किती वर्षांत तयार होते?

इ.स.पू. 324 च्या सुमारास अलेक्झांडरच्या आरमारातील अँड्रोस्थेनिस हा अधिकारी अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी करत टायलॉस बेटावर उतरला. टायलॉस म्हणजे आजचे बहारीन. त्याची मूळ हकीकत काळाच्या ओघात नष्ट झाली. पण थिओफ्रास्टसने तिच्यातला बराच भाग आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथात उतरवून घेतला, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. भरतीच्या पाण्यात उभी असलेली झाडे आणि रात्री पाने मिटणारे एक झाड यांच्या नोंदींसोबत तिथे नावा बांधण्याच्या एका लाकडाचाही उल्लेख आहे: समुद्राच्या पाण्यात ते 200 वर्षांहून अधिक टिकते. हे लाकूड सागाचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. साग काही बहारीनच्या वाळूत उगवत नाही. तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आखातात जाई आणि मोती काढणाऱ्या नावांच्या काळापर्यंत जातच राहिला. लाकूड किती टिकते याचा आकडा माणसाने इतक्या लवकर लिहून ठेवला. ते तयार व्हायला किती वर्षे लागतात याचा हिशेब मांडायला मात्र त्याला दोन हजार वर्षे लागली.

तो प्रश्न टंचाईतून आला. 1713 मध्ये सॅक्सनीत खाणींच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा कार्लोवित्सने जेवढे उगवेल तेवढेच तोडा, असे सांगणारा ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास, 1715 च्या आसपास, रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आरमारासाठी लागणारा साग परवानगीनेच तोडावा असे बजावते, आणि आंबा-फणसाची झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, याची आठवण देते. झाडाच्या वयाची एवढी जाण ठेवणारा राजकीय दस्तऐवज मला विलक्षण मोलाचा वाटतो. काळजी दोन्हीकडे एकच होती. तिला आकडे मिळाले ते युरोपात. 1737 मध्ये द्युआमेल आणि बुफों यांनी खोडातली वलये मागे मोजत जाऊन 1709 च्या भीषण थंडीने डागाळलेले वलय हुडकून काढले. पुढे 1860 च्या दशकात प्रेसलरने झाड न पाडता त्याच्या गाभ्यापर्यंत जाणारा पोकळ गिरमिट तयार केला.

कार्लोवित्स आणि प्रेसलर यांच्या जर्मन परंपरेतला डीट्रिख ब्रँडिस 1856 मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनात आला. आपण त्याला हत्तीवर बसलेला पाहू या. हातात बांबूच्या चार कांब्या, घेराच्या चार वर्गांसाठी एकेक. वाटेत साग दिसला की त्या वर्गाच्या कांबीवर खाच. संध्याकाळी खाचा मोजल्या की त्या पट्ट्यातल्या जंगलाची खानेसुमारी तयार. 6 फूट किंवा त्याहून अधिक घेराचा साग पहिल्या वर्गातला. दुसऱ्या वर्गातले झाड पहिल्यात यायला 24 वर्षे लागतात असे धरून त्याने नियम बसवला: पहिल्या वर्गातली झाडे वर्षाला एक-चोविसांशाहून अधिक तोडायची नाहीत. वाढीचा वेग इथे जंगलाचा कायदा झाला. 1864 मध्ये ब्रँडिस हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला, आणि छातीच्या उंचीवर गोलाई घेण्याची रीत वनरक्षकांच्या अंगवळणी पडली.

उष्ण प्रदेशातली झाडे वर्षाला एक वलय धरतात का, ही शंका मात्र उरलीच होती. सागाने ती फेडली. 1931 मध्ये बर्लागेने जावातल्या सागाची सुमारे चारशे वर्षांची वलयमाला पावसाशी ताडून पाहिली. मग पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत पंत आणि बोरगावकर यांनी ठाणे परिसरातला साग घेतला. त्यांचा निबंध 1983 चा. गिरमिटाने निघालेली, पेन्सिलीहूनही बारीक कांडी घासून गुळगुळीत केली की भिंगाखाली मोसमाच्या आरंभीच्या मोठ्या छिद्रांची रांग स्पष्ट दिसते. एका रांगेपासून दुसरीपर्यंत एक वर्ष, आणि अंतर कमी म्हणजे बहुधा पाऊस कमी. याच संस्थेतल्या संशोधकांनी 2010 मध्ये केरळच्या सागातून 1481 ते 2003 अशी 523 वर्षांची मालिका मांडली. तोडीचा हिशेब लावण्यासाठी जन्मलेले माप दुष्काळाचे दप्तर होऊन बसले.

आता आपण बहारीनला परतू. जबल दुखानच्या जवळ, उघड्या वाळवंटात, ‘शजरत अल-हयात’ (जीवनवृक्ष) एकटी उभी आहे. सुमारे 32 फूट उंचीचे हे झाड म्हणजे आपण दसऱ्याला पुजतो ती शमीच. मनामातली मराठी कुटुंबे पाहुण्यांना आवर्जून तिथे नेतात. तिचे वय 400 वर्षांच्या घरात सांगतात. पण जिथे वर्षाला 100 मिमीही पाऊस पडत नाही आणि मुळे खोलवरचे पाणी शोधतात, तिथल्या शमीची वलये वाचणे सागासारखे सरळ नाही, म्हणून त्या आकड्याला अंदाजच म्हणावे हे बरे. तुबलीच्या उपसागरातल्या तिवरांची गोष्ट याहून अवघड. ठाण्याच्या खाडीत दिसते तेच हे झाड, आणि त्याच्या खोडातल्या वलयांचा वर्षांशी मेळच बसत नाही. 2021 मध्ये बहारीनने 2035 पर्यंत तिवरांचे क्षेत्र चौपट करण्याचे जाहीर केले. त्या रोपांनी किती जोम धरला हे गिरमिटाने कळणार नाही. खुणेच्या काठ्या रोवून, तीच झाडे ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून दरवर्षी पुन्हा पट्टीने मोजावी लागतील.