श्रीमंत माणूस दिसला की आपल्याला त्याचं नशीबच का दिसतं?

ओळखीतल्या कुणी नव्या गाडीचा फोटो टाकला की खाली अभिनंदनाच्या कमेंट्स पडतात. कट्ट्यावर मात्र बोलणं वेगळंच असतं. "नशीब काढलं पठ्ठ्यानं." "बापाची जमीन हायवेला लागून होती, दुसरं काय!" आणि गाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "रात्रंदिवस राबलोय, तेव्हा हे दिवस आलेत."

यात कुणी खोटं बोलत असेलच असं नाही. एकाच संपत्तीची दोन वेगळी कारणं का दिली जातात, याचा मानसशास्त्रज्ञांनी आणि अर्थतज्ज्ञांनी बराच अभ्यास केला आहे.

समोरचा वारा आणि पाठीमागचा वारा

सायकल चालवताना समोरून वारा असेल तर तो प्रत्येक पायडलला जाणवतो. पाठीमागून असेल तर थोड्याच वेळात आपण त्याला विसरतो. शाय डेव्हिडाय आणि टॉम गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २०१६मध्ये हीच उपमा वापरून एक अभ्यास मांडला. आपल्या वाट्याला आलेल्या अडचणी ठळकपणे आठवतात, मिळालेला आधार सहज विसरला जातो, असं त्यांना आढळलं. थोरल्या भावंडाला वाटतं, आईवडील आपल्याशीच जास्त कडक वागले. धाकट्याला ते पटत नाही.

पैशाबाबतही हेच होतं. स्वतःची जागरणं, कर्जाचे हप्ते, बुडालेले धंदे आपल्याला माहीत असतात. शेजाऱ्याची जागरणं आपण पाहिलेली नसतात, त्याच्या दारातली गाडी तेवढी दिसते. मग उरतं एकच उत्तर, नशीब.

शिवाय या उत्तरानं मनाला बरंही वाटतं. तो कष्टानं पुढे गेला असं मानलं, तर "मग आपण का नाही?" हा प्रश्न उभा राहतो. नशीब म्हटलं की प्रश्नच मिटतो. यश आलं तर माझ्यामुळे, अपयश आलं तर परिस्थितीमुळे, या प्रवृत्तीला मानसशास्त्रात 'सेल्फ-सर्व्हिंग बायस' म्हणतात.

नशिबानं जिंकलेले नशीब विसरतात

याची दुसरी बाजू जास्त रंजक आहे. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल पिफ या मानसशास्त्रज्ञानं लोकांना जोडीजोडीनं मोनोपोली खेळायला बसवलं. आपल्याकडच्या 'व्यापार'सारखाच हा खेळ. नाणेफेक करून एकाला 'श्रीमंत' ठरवलं. त्याला सुरुवातीलाच दुप्पट पैसे दिले, फासेही एकाऐवजी दोन. तो जिंकणार हे उघडच होतं. पण नंतर विजयाचं कारण विचारल्यावर हे खेळाडू आपण कोणती मालमत्ता कशी घेतली, कुठे हुशारीनं खेळलो, हे सांगू लागले. नाणेफेकीचा विषय मागे पडला.

हा झाला खेळ. खऱ्या आयुष्यातलं उदाहरण अर्जेंटिनात सापडतं.

१९८१मध्ये ब्यूनोस आयरेसजवळच्या सान फ्रान्सिस्को सोलानो भागात सुमारे १,८०० कुटुंबांनी मोकळ्या जागेवर वस्ती केली. जागा सरकारी आहे असा त्यांचा समज होता, पण तिचे खासगी मालक निघाले. १९८४मध्ये प्रांतिक सरकारनं कायदा करून ही जमीन ताब्यात घ्यायचं आणि रहिवाशांच्या नावे करायचं ठरवलं. काही मूळ मालकांनी भरपाई घेतली, काही कोर्टात गेले. परिणामी, वस्तीतल्या काही कुटुंबांना जागेची कागदपत्रं मिळाली आणि त्यांच्याच शेजाऱ्यांचं प्रकरण वर्षानुवर्षं लटकलं. कुणाच्या पायाखालची जमीन कुणाच्या मालकीची निघाली, एवढाच काय तो फरक. यात त्यांचं कर्तृत्वही नव्हतं आणि चूकही नव्हती.

राफाएल दी तेला, सेबास्तियान गालियानी आणि एर्नेस्तो शारग्रोद्स्की या अर्थतज्ज्ञांनी पुढे या दोन्ही गटांची मतं तपासली. त्यांचा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना कागदपत्रं मिळाली होती, ते "माणूस एकट्याच्या बळावर यशस्वी होऊ शकतो" असं शेजाऱ्यांपेक्षा जास्त मानत होते. म्हणजे योगायोगानं घर नावावर झालं आणि विश्वास वाढला तो स्वबळावर.

वयाच्या विशीत काय पाहिलं?

पाओला जुलियानो आणि अँतोनिओ स्पिलिमबेर्गो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतली सर्वेक्षणं तपासली. १८ ते २५ या वयात ज्यांनी मोठी मंदी पाहिली, ते यशामागे कष्टापेक्षा नशिबाचा हात जास्त मानतात, असं त्यांना दिसलं. मनापासून शिकूनही नोकरी मिळाली नाही, तर कष्टावरचा विश्वास डळमळणारच.

मग खरं काय?

कष्टाशिवाय पैसा टिकत नाही, हे बहुतेकांना मान्य आहे. पण कष्टाला किती भाव मिळेल, हे कष्ट करणाऱ्याच्या हातात फारसं नसतं. अर्थतज्ज्ञ ब्रँको मिलानोविच यांच्या हिशेबानुसार, जगभरातल्या लोकांच्या उत्पन्नात जो फरक दिसतो, त्यातला निम्म्याहून अधिक फरक माणूस कोणत्या देशात राहतो यावरूनच स्पष्ट होतो. आणि बहुतेक माणसं जन्मतात त्याच देशात राहतात.

महाराष्ट्रातल्या कांदा उत्पादकांना हे वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावच्या बाजारात भाव कोसळले. बंदीच्या आधी माल विकलेला शेतकरी आणि नंतर विकलेला शेतकरी, दोघांनी घाम सारखाच गाळला होता.

हा फक्त कट्ट्यावरचा वाद नाही

लोक काय मानतात, त्यावर सरकारं काय करतात हेही ठरतं. अल्बर्तो अलेसिना, एडवर्ड ग्लेसर आणि ब्रूस सॅसरडोट यांनी २००१मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार, उत्पन्न नशिबावर ठरतं असं ५४ टक्के युरोपीय लोकांना वाटत होतं, अमेरिकेत मात्र ३० टक्क्यांनाच. गरीब लोक आळशी असतात असं मानणारे अमेरिकेत ६० टक्के होते, तर युरोपात २६ टक्के. गरिबांसाठीच्या योजनांवर युरोपीय देश अमेरिकेपेक्षा जास्त खर्च करतात, त्यामागे हेही एक कारण असल्याचं या अभ्यासकांचं म्हणणं आहे.

सगळं नशिबावर सोडलं, तर 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' अशी गत होते. सगळं श्रेय कष्टाला दिलं, तर दिवसभर उन्हात राबणारा मजूर गरीब का, याचं उत्तर "तोच कमी पडला" असं निघतं. कांद्याचा भाव पडलेल्या शेतकऱ्याला मदत द्यावी की त्याला आणखी कष्ट कर म्हणून सांगावं, हे शेवटी यातल्या कोणत्या उत्तरावर आपला विश्वास आहे त्यावर ठरतं.