घासलेल्या नाण्यांचे मोल

सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख देवगडच्या गोंड राजांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८५४ साली इंग्रजांकडे गेला. राज्ये बदलली तशी नाणीही बदलली. परंतु नव्या नाण्याने जुने एका दिवसात हटत नसे. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच थैलीत नांदत आणि त्यांचे मोल सराफ ठरवी. तो नाणे तोली, दगडावर आपटून त्याचा नाद ऐके, कसोटीवर घाशी आणि संशय आल्यास छिन्नीचा घावही घाली. वजनात वा कसात जे कमी भरे तेवढा बट्टा कापून तो उरलेली रक्कम हाती ठेवी. नाण्याचा चेहरा काळवंडलेला आहे की उजळलेला, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

हीच दृष्टी पुढे इंग्रजी कायद्यात उतरली. १८३५ पासून १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा रुपया सर्वत्र ठरला. १९०६ च्या कायद्याने, झिजून दोन टक्क्यांहून अधिक घटलेला रुपया कायदेशीर चलन मानला जात नसे.

संग्राहकाची दृष्टी नेमकी उलट. त्याला चांदीपेक्षा चांदीचा पृष्ठभाग मोलाचा वाटतो. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली एक ते सत्तर अशी प्रत ठरविण्याची मोजणी सुचविली. तीच आज जगभर, आपल्याकडच्या लिलावांतही, रूढ आहे. या मोजणीत हातोहात फिरून आलेली झीज क्षम्य आहे, तिच्यासाठी पायऱ्याच आहेत. मात्र घासून उजळलेल्या, कोरलेल्या किंवा कडी जोडून माळेत ओवलेल्या नाण्याला परीक्षक बहुधा आकडा देत नाहीत. केवळ तपशिलाची प्रत सांगून दोष नोंदवितात. असे नाणे सर्वसाधारण असेल तर त्याची किंमत जवळजवळ धातूच्या भावावर येते. दुर्मीळ असेल तर मागणी राहते, पण निर्दोष नाण्याच्या तुलनेत पुष्कळच कमी.

हा केवळ हौशी लोकांचा चोखंदळपणा नव्हे. ठसा पडताना धातू दाबाखाली पसरतो व त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. नव्या नाण्याची फिरती झळाळी त्यांचीच. चांदीवरचा काळा थर हा गंधकाशी झालेल्या संयोगाचा. चिंचेचा कोळ किंवा राख लावून तो काढला की वरची चांदीही थोडी जाते, त्या रेषा पुसल्या जातात आणि त्यांच्या जागी ओरखडे येतात. लक्ष्मीपूजनाला घरातले रुपये लख्ख करून मांडण्याच्या श्रद्धेने जितकी नाणी बिघडली, तितकी कदाचित चोरांनीही बिघडविली नसतील.

मात्र नाण्यावरची प्रत्येक जखम दोष नसते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नहपानाचा चेहरा त्या ठशाखाली विद्रूप झाला आहे. पण त्या विद्रूपतेनेच सातवाहनांचा विजय आणि दोघांचा काळ इतिहासकारांना सांगितला. सुबक, अस्पर्श नाण्यांना ते साधले नसते.

याहून बोलके उदाहरण सौंसरला लागूनच असलेल्या वऱ्हाडातले. मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहनांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा मिळाला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही नाणी पोटीनची, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांच्या मिश्रणाची. राजाचे नाव काठाने कोरलेले, आणि ठसा नीट न बसल्याने एका नाण्यावर त्याची चारदोन अक्षरेच उतरलेली. एकावर आरंभ, दुसऱ्यावर मध्य, तिसऱ्यावर शेवट, असे तुकडे जुळवून कुंभ, कर्ण, शक ही पुराणांच्या यादीत नसलेली सातकर्णींची नावे हाती लागली. नाण्यांच्या बाजारात यांतले एखादे झिजके नाणे कोणी वळून पाहिले नसते. पण कोणा गावकऱ्याने चिंच लावून ते काठ घासले असते, तर ती अक्षरे मातीबरोबर धुऊन गेली असती.

भोसल्यांच्या रुपयांचेही असेच. त्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे मजकुराचा काही भाग नाण्याबाहेरच राही. टांकसाळ ओळखायची ती उरलेल्या अक्षरांवरून आणि लहानशा चिन्हांवरून. ही चिन्हे उठावदार असल्याने घासताना प्रथम तीच जातात.

संग्रहालयातील तज्ज्ञही नाणी स्वच्छ करतात, परंतु मजकूर वाचण्यापुरतीच. आणि तांब्यावरची भुकटीसारखी सुटणारी हिरवी कीड धातू खात असेल तर तिचा उपाय करतात. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर मात्र ते राहू देतात, कारण तोच खालच्या अक्षरांचे रक्षण करतो. नांगराच्या फाळाला एखादे गाडगे लागले, तर १८७८ च्या निखात-निधी कायद्यानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते; गाडगे, माती आणि नाणी यांची तोवर फारकत न केलेली बरी.