मेसेज ब्रोकरचे आवृत्ती अद्ययावतीकरण

मेसेज ब्रोकरचे आवृत्ती अद्ययावतीकरण म्हणजे संगणक प्रणालींमध्ये संदेशांची देवाणघेवाण घडवून आणणाऱ्या मध्यस्थ सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती काढून नवी आवृत्ती बसवण्याची नियोजनबद्ध प्रक्रिया होय. ब्रोकर क्लाउडवर असल्यास प्रत्यक्ष बदलाचे काम बहुतांशी सेवा पुरवणारी कंपनी करते. मात्र कोणत्या आवृत्तीवर, केव्हा व कोणत्या क्रमाने जायचे आणि जोडलेली उपकरणे नव्या आवृत्तीशी जुळतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी वापरकर्त्या संस्थेकडेच राहते.

## पार्श्वभूमी

मेसेज ब्रोकरचे काम टपाल कार्यालयासारखे असते. पाठवणारी प्रणाली संदेश ब्रोकरकडे सोपवते, ब्रोकर तो साठवतो आणि घेणारी प्रणाली उपलब्ध झाल्यावर तिला देतो. रॅबिटएमक्यू, अपाचे ॲक्टिव्हएमक्यू आणि अपाचे काफ्का ही या प्रकारातील प्रचलित सॉफ्टवेअर आहेत. काफ्का हे लिंक्डइन कंपनीत जय क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी विकसित केले व २०११ मध्ये ते मुक्त स्रोत झाले. नारखेडे मूळच्या पुण्याच्या असून त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यातच झाले. ॲमेझॉन एमक्यू ही क्लाउड सेवा २०१७ मध्ये ॲक्टिव्हएमक्यूसाठी सुरू झाली. २०२० मध्ये तिच्यात रॅबिटएमक्यूची भर पडली.

## आवृत्ती क्रमांक

आवृत्ती क्रमांकाचे सामान्यतः तीन भाग असतात. उदाहरणार्थ, ३.१३.७ या क्रमांकात ३ ही मुख्य आवृत्ती, १३ ही उपआवृत्ती आणि ७ ही दुरुस्ती आवृत्ती होय. दुरुस्ती आवृत्तीत दोष व सुरक्षेतील त्रुटी दूर केल्या जातात, उपआवृत्तीत नव्या सुविधा येतात, तर मुख्य आवृत्तीत जुन्या सुविधा काढूनही टाकल्या जाऊ शकतात. त्यामुळे अनेक संस्था दुरुस्ती आवृत्त्या आपोआप बसू देतात, परंतु मुख्य आवृत्ती चाचणीनंतरच स्वीकारतात.

## गरज

ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हएमक्यूमध्ये एक अत्यंत गंभीर त्रुटी उघड झाली. तिच्या आधारे हल्लेखोराला दूरवरून सर्व्हरवर स्वतःच्या आज्ञा चालवता येत असत. दुरुस्ती ५.१८.३ व इतर काही आवृत्त्यांत उपलब्ध झाली; तरीही अद्ययावत न केलेल्या सर्व्हरांवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचे हल्ले झाले. याशिवाय प्रत्येक आवृत्तीचा आधारकाळ ठरलेला असतो. तो संपल्यानंतर दुरुस्त्या मिळत नाहीत आणि क्लाउड कंपनी ब्रोकर स्वतःहून पुढील आवृत्तीवर नेऊ शकते.

## पद्धती

* जागेवर अद्ययावतीकरण : एकच सर्व्हर असलेला ब्रोकर थांबवून नव्या आवृत्तीसह पुन्हा सुरू केला जातो. या काळात सेवा बंद राहते.
* टप्प्याटप्प्याने अद्ययावतीकरण : समूहातील एकेक नोड आळीपाळीने बदलला जातो. उरलेले नोड काम चालू ठेवतात.
* निळी-हिरवी पद्धत : नव्या आवृत्तीचा स्वतंत्र ब्रोकर उभारून वाहतूक क्रमाक्रमाने त्याच्याकडे वळवली जाते. खर्च अधिक असला तरी अडचण आल्यास जुन्या ब्रोकरकडे परतता येते.

## माघार न घेता येणारे टप्पे

अद्ययावतीकरणातील मुख्य जोखीम अशी की त्यातील काही टप्पे उलटवता येत नाहीत. काफ्काच्या मार्च २०२५ मधील ४.० आवृत्तीतून झूकीपर या सहायक प्रणालीचा आधार काढून टाकण्यात आला. झूकीपरवर चालणाऱ्या समूहाला थेट ४.० वर जाता येत नाही, आधी ३.x मालिकेतील आवृत्तीवर क्राफ्ट या नव्या व्यवस्थेत स्थलांतर करावे लागते. हे स्थलांतर पूर्ण झाल्यावर झूकीपरकडे परतता येत नाही.

रॅबिटएमक्यू ४.० (२०२४) मध्ये पारंपरिक प्रतिबिंबित रांगा रद्द झाल्या. अशी रांग अद्ययावतीकरणानंतरही चालू राहते, परंतु तिची एकच प्रत उरते. वरकरणी सर्व सुरळीत दिसत असले तरी ती प्रत असलेला नोड बंद पडताच ती रांग अनुपलब्ध होते. त्यामुळे कोरम रांगांकडे आधीच वळणे आवश्यक ठरते.

## कमी संपर्काच्या भागातील उपकरणे

चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांच्या दुर्गम भागात मोबाइल संपर्क खंडित असतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणच्या पर्जन्यमापक किंवा वणवासूचक उपकरणांसाठी एमक्यूटीटी हा हलका संदेशवहन नियम उपयुक्त असतो. १९९९ मध्ये तो तेलवाहिन्यांवरील उपकरणांचा उपग्रहाद्वारे होणारा महागडा व मर्यादित संपर्क लक्षात घेऊनच तयार करण्यात आला होता.

अशा उपकरणांसाठीचे न पोचलेले संदेश आणि त्यांची सदस्यत्वे ब्रोकरवर जपलेली असतात. निळ्या-हिरव्या पद्धतीत ती नव्या ब्रोकरवर आपोआप जात नाहीत. अनेक दिवसांनी संपर्कात येणाऱ्या उपकरणात जुन्या ब्रोकरचाच पत्ता नोंदलेला असल्यास आणि तो ब्रोकर बंद केलेला असल्यास ते उपकरण कायमचे तुटते. दुरुस्तीसाठी प्रत्यक्ष जंगलात जावे लागते. हे टाळण्यासाठी उपकरणात संस्थेच्या मालकीचे डोमेन नाव नोंदवतात आणि सर्वांत जास्त काळ संपर्काबाहेर राहणारे उपकरण जोडले जाईपर्यंत जुना ब्रोकर चालू ठेवतात. नव्या आवृत्तीत जुन्या टीएलएस कूटलेखनाचा आधार बंद झाला असल्यास जुनी उपकरणे जोडली जात नाहीत, म्हणून त्यांची चाचणी स्वतंत्रपणे घेतात. पुन्हा जोडणी झाल्यावर तोच संदेश दोनदा येऊ शकतो. घेणाऱ्या प्रणालीला अशी पुनरावृत्ती ओळखता यावी लागते.

## वेळेची निवड

क्लाउड सेवांत देखभालीची वेळ बहुधा समन्वित जागतिक वेळेनुसार (यूटीसी) नोंदवली जाते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटे पुढे असल्याने रविवारी २०:३० ही नोंद भारतात सोमवारी पहाटे २ वाजताची ठरते. वनक्षेत्रातील प्रणालींसाठी फेब्रुवारी ते जून हा वणव्यांचा आणि त्यानंतरचा पुराचा काळ टाळून हिवाळ्यात मुख्य आवृत्ती बदलणे अधिक सुरक्षित असते. सुरक्षेच्या तातडीच्या दुरुस्त्या मात्र कोणत्याही ऋतूत लांबणीवर टाकता येत नाहीत.

## हेही पहा

* अपाचे काफ्का
* क्लाउड संगणन
* नेहा नारखेडे