बॅड सेक्टरची कुळकथा

छत्रपती संभाजीनगरात सिडको-हडकोच्या घरांमध्ये लोडशेडिंगच्या वर्षांत संगणकाची एक तक्रार नेहमीची होती. लाईट गेली, परत आली, आणि मग एखादी फाइल उघडेचना. डिस्क वाचता येत नाही, एवढाच संदेश पडद्यावर. दुरुस्तीवाला म्हणायचा, "बॅड सेक्टर आलेत, फॉरमॅट मारावं लागेल." पुष्कळांचे फोटो आणि हिशेब त्या एका वाक्यात गेले.

डिस्क माहिती सेक्टरमध्ये लिहिते, जुन्या पद्धतीत एकेक 512 बाइटचा. प्रत्येकाच्या शेवटी त्याच माहितीवरून काढलेले पडताळणीचे आकडे असतात. लिहितानाच वीज गेली तर कधी कधी सेक्टर अर्धवट राहतो आणि आकडे जुळत नाहीत. डिस्क पुन्हापुन्हा वाचून पाहते, दुरुस्त होते का बघते, आणि नाहीच जमलं तर नकार देते. तबकडीला इजा झालेलीच असते असं नाही. पुन्हा लिहिलं की असा सेक्टर धड होऊ शकतो.

चूक हुडकून दुरुस्त करण्याची ही विद्या रिचर्ड हॅमिंग यांच्या वैतागातून जन्मली. बेल प्रयोगशाळेतलं रिलेवर चालणारं गणकयंत्र सुट्टीच्या दिवशी चूक आढळली की त्यांचं काम सोडून पुढच्या कामाला लागायचं. यंत्राला चूक कळते, मग ती नेमकी कुठे आहे ते का कळू नये? या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे चूक शोधून दुरुस्त करणारी संहिता, त्यांनी 1950 मध्ये छापलं. या शास्त्रात एक मराठी नावही आहे आणि ते आपल्याकडे फार कमी घेतलं जातं. मुंबई विद्यापीठात पुढे गणित विभाग सांभाळणारे शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी राजचंद्र बोस यांच्यासोबत 1959 मध्ये अशा संहितांचं नातं हॅदामार्ड सारण्यांशी जोडून दाखवलं.  हार्ड डिस्कने पुढे कित्येक वर्षं वापरली ती संहिता मात्र रीड आणि सॉलोमन यांची, 1960 ची.

निर्दोष तबकडी कारखान्यातूनही सहसा बाहेर पडत नव्हती, आणि सुरुवातीला हे कुणी लपवलं नाही. 1980 मध्ये शुगार्ट टेक्नॉलॉजीने, म्हणजे आजच्या सीगेटने, 5 मेगाबाइटची एसटी-506 आणली. त्या पिढीच्या डिस्कवर खराब जागांची यादी कागदावर छापून चिकटवलेली असे. फॉरमॅट करताना मालकाने ते आकडे हाताने टाइप करायचे. नंतर आयडीई डिस्क आल्या, नियंत्रक डिस्कमध्येच बसला, आणि यादीही आत गेली. खराब जागेच्या बदल्यात डिस्क गुपचूप राखीव जागा वापरू लागली. सोय झाली खरी, पण डिस्क किती थकली आहे ते मालकाला दिसेनासं झालं. ही उणीव 'स्मार्ट' नावाच्या नोंदवहीने 1990 च्या दशकात थोडी भरून काढली.

दुरुस्तीला हात घालण्याआधी ती नोंदवही उघडलीच पाहिजे. क्रमांक 5 म्हणजे बदललेले सेक्टर, 197 म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे. 199 वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. ती बदलून पाहावी. पण 5 आणि 197 रोज चढत असतील तर विंडोजचं चेकडिस्क दुरुस्तीला लावू नये. ते त्याच मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहितं आणि तिला तासन्‌तास राबवतं. आधी प्रत काढावी. त्यासाठी डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आहे. ते सुखरूप भाग आधी उचलतं, अडलेल्या जागा एका फाइलीत टिपून ठेवतं आणि मग सावकाश त्यांच्याकडे वळतं. मध्येच लाईट गेली तरी त्या टिपणावरून काम जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. चेकडिस्क चालवायचं ते नव्या डिस्कवरच्या प्रतीवर.