उष्टावणाच्या आधीचा चमचा

आमच्या बडोद्यातल्या मराठी घरांत उष्टावण म्हणजे केवढा थाट! मुलगा असेल तर सम महिना, सहावा नाहीतर आठवा. मुलगी असेल तर विषम, पाचवा नाहीतर सातवा. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीच्या वाटीत खीर, सोन्याच्या अंगठीने पहिला घास.

पण खरं सांगायचं तर तो पहिला घास क्वचितच असायचा. जन्मल्याबरोबर बोटाने मध. मग सहाणेवर उगाळलेली गुटी. आणि तिसऱ्या महिन्यात "रडतंय सारखं, दूध पुरत नाही" म्हणून भाताची पातळ पेज. पंचांगाने राखलेला महिना स्वयंपाकघरात केव्हाच मोडलेला असे.

माझ्या आत्याची थोरली लेक अशीच पेजेवर होती, साडेतीन महिन्यांची. उन्हाळ्याचे दिवस, सकाळची पेज दुपारपर्यंत झाकून ठेवलेली. जुलाब लागले. "दात येतायत," म्हणून सगळे निवांत. वर दूधही कमी केलं, पोटाला आराम म्हणून. चार दिवसांत पोर गेली. ती पेजेनेच गेली असं छातीठोक कोण सांगणार? पण पुढे घरात कुणाचंही उष्टावण असलं की आत्या खीर करायची आणि घास भरवायच्या वेळी माजघरात निघून जायची.

पेजेने पोट भरलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की आईचं दूध आटतं. म्हणजे "पुरत नाही" हे आपणच खरं करून दाखवायचं! पेजेत सत्त्व थोडं, पाणीच फार. शिवाय वाटी-चमच्यातून जंतू जातात ते वेगळेच. मध तर वर्षाच्या आत नकोच, त्यातून बॉट्युलिझम होऊ शकतो. उलट फार उशीरही बरा नव्हे. सहा महिन्यांच्या सुमाराला बाळाच्या अंगातला लोहाचा साठा सरत येतो.

शास्त्रालाही हे ठरवायला वेळ लागला. डब्यातल्या बालान्नाबद्दलच्या आपल्या १९९२ च्या कायद्यात वरच्या अन्नाचं वय चार महिन्यांनंतरचं होतं. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिने फक्त आईचं दूध असं सांगितलं आणि २००३ च्या दुरुस्तीत आपल्या कायद्यातही चारचे सहा झाले.

आता आपला हिशेब बघा. सहावा महिना लागला म्हणजे पाचच पूर्ण. मुलीचा पाचवा म्हणजे तर जेमतेम चार! सातव्यात उष्टावलेल्या मुलीच काय त्या बरोबर वेळेला जेवल्या.

तुमच्याकडे, इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींत, मुलींचा कितवा धरत होते?